तिसऱ्या हाकेचे मास्तर

मुंबईत नोकरी मला हवी होती, पण नवा कोट शिवला मास्तरांनी. कोट शिवायला टाकताना त्यांनी सुप्याच्या शिंप्याला बजावून सांगितलं, "मुंबईला जायाचं हाय. खिसे आतनं लाव." अर्ज माझा, सातवीची फायनल पास झाल्याचा दाखला माझा, मुलाखत माझी, आणि आतून खिसे लावलेला कोट त्यांचा. मी भीत भीत विचारलं, मास्तर, तुम्ही कशाला त्रास घेता? तर म्हणाले, "तू रस्ता चुकशील." ते स्वतः तोवर बेळगावच्या पलीकडे कधी गेले नव्हते.

ते आमच्या सुप्याच्या मराठी शाळेचे मास्तर. मूळचे खानापूरकडचे. ऐन तरुणपणी बदली होऊन आमच्या रानात आले आणि पेन्शनीत निघेपर्यंत तिथंच राहिले. उंच, सडपातळ, डोक्याला तांबडा रुमाल. खडू कानावर अडकवून ठेवायची सवय होती, त्यामुळे डावा कान बारा महिने पांढरा. लग्नाकार्याला जातानाही तो कान तसाच असायचा आणि काकू, म्हणजे त्यांची बायको, वाटेत थांबून पदरानं पुसायची. पुसून झाला की मास्तर विचारायचे, "काय लागलं हुतं?" रोज खडू कानावर ठेवणाऱ्या माणसाला हा प्रश्न पडावा याचं मला अजून हसू येतं.

माझं गाव बाजारकुणंग. तिथून सुपं म्हणजे रानातून दिवसभराची चाल, म्हणून माझ्या अप्पांनी मला मास्तरांच्याच घरी ठेवलं. अप्पा मला शाळेत घालायला आले तो दिवस मास्तरांचाही शाळेतला पहिलाच होता. मास्तरांनी हजेरीपट उघडला, घसा खाकरला आणि पहिलं नाव घेतलं. कोणी बोललं नाही. दुसरं घेतलं. शांतता. पट संपला तरी एकानंही 'हजर' म्हटलं नाही, आणि समोर तर ओटीभर पोरं मांडी घालून त्यांच्या तोंडाकडे बघत बसलेली. मास्तरांचा चेहरा उतरला. त्यांना वाटलं, सगळा गावच बहिरा आहे आणि म्हणूनच आपली इथं बदली झाली.

अप्पा दाराशी उभे होते. ते म्हणाले, "मास्तर, एका हाकंला ओ द्यायची न्हाई आमच्यात. रानात एकदाच हाक मारतोय तो देवचार. ओ दिली की घिऊन जातोय. माणूस आसंल तर तीनदा मारील की."

"आणि मी कोण हाय?" मास्तर म्हणाले.

"त्ये अजून पोरांस्नी म्हाईत न्हाई," अप्पा म्हणाले.

दुसऱ्या कुणी छडी उचलली असती. मास्तरांनी खडू कानावर ठेवला, विचार केला, आणि पट पुन्हा पहिल्यापासून उघडून एकेक नाव तीन-तीनदा घेतलं. तिसऱ्या हाकेला प्रत्येक पोर खणखणीत 'हजर' म्हणालं. हजेरी संपेपर्यंत ऊन अंगणाच्या मध्यावर आलं होतं. मास्तर मात्र खूश. आपण देवचार नाही हे इतक्या लोकांनी एकमुखानं मान्य केलेलं त्यांना बहुधा पहिल्यांदाच ऐकायला मिळालं असावं.

पुढं ही चाल त्यांनी अशी काही उचलली, की आम्ही रानातली माणसं तिच्यापुढे सैल वाटावीत. वर्गात प्रश्नसुद्धा ते तीनदा विचारत. "पहिल्यांदा इचारलं की कान. दुसऱ्यांदा इचारलं की डोकं. तिसऱ्यांदा इचारलं की तोंड." पहिल्या वेळेला उत्तर दिलंत तर बरोबर असलं तरी चूक. दोन्ही हात मांडीखाली दाबून बसायचं आणि तिसऱ्या वेळेपर्यंत दम धरायचा. आमच्यातली जी हुशार पोरं होती त्यांचा जीव कासावीस व्हायचा. आणि माझ्यासारख्या, ज्यांचं डोकं उशिरा पेटायचं, त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच उत्तर द्यायला सवड मिळाली. मी फायनल पास झालो तो केवळ या सवडीवर. हे मी विनयानं म्हणत नाही, खरंच तसं आहे.

घरी मात्र या नियमाचं काकूपुढे काही चालायचं नाही. जेवायला वाढलं की काकू चुलीपासून एकदाच हाक मारायची. मास्तर पुस्तकातून डोकं वर काढत नसत, दुसऱ्या हाकेची वाट बघत. ती यायचीच नाही. थोड्या वेळानं आत गेले की काकू आपलं जेवून हात धूत असायची. "देवचार समजा न्हाईतर बायको समजा," ती म्हणायची, "भात गार झाला." मास्तर गार भात मुकाट्यानं जेवत आणि मला हळूच सांगत, "तिचं बी बरोबर हाय."

एकदा भरपावसात, लावणीच्या दिवसांत, शाळा तपासायला डेप्युटी आले. शाळेत मास्तर, मी आणि एक मांजर. डेप्युटी रागावून म्हणाले, "मुलं कुठं आहेत?"

"शाळेत हायत," मास्तर म्हणाले.

"ही शाळा तर रिकामी आहे!"

"लावणीत शाळा हितं नसती सायेब. चिखलात असती. चला."

आणि खरोखर मास्तरांनी त्यांना बूट काढायला लावून बांधावर नेलं. सगळी पोरं आपापल्या आईबापाबरोबर भात लावत होती. मास्तर धोतर खोचून गुडघाभर चिखलात उतरले आणि रोपांच्या मुठींचं गणित विचारू लागले. एकदा विचारलं, पोरं लावतच राहिली. दुसऱ्यांदा विचारलं, तरी कुणी मान वर केली नाही. डेप्युटींनी टिपण काढायला वही उघडली. तिसऱ्यांदा विचारलं, आणि वाकलेल्या पाठींतून सगळ्या वावरातून एकच उत्तर आलं. अगदी बरोबर. त्यात काही आयांचाही आवाज होता. तेवढ्यात डेप्युटींच्या पोटरीला जळू चिकटली. मास्तरांनी चुनाळं काढून तिला चुना लावला, ती गळून पडली, आणि त्यांनी पुढचं गणित घातलं. डेप्युटींनी शेरा लिहिला, 'शिक्षक चांगला आहे, परंतु शाळा ओली आहे.' हा शेरा मास्तर लोकांना तोंडपाठ म्हणून दाखवत.

आता मुंबईकडे येतो. मास्तरांना मुंबईचं वेड होतं. सुप्याच्या बाजारात गूळ बांधून यायचा तो जुन्या वर्तमानपत्राच्या कागदात. मास्तर गुळापेक्षा कागद जपून घरी आणत, चिकट जागा ओल्या फडक्यानं पुसत आणि सगळ्यात आधी 'पाहिजेत' हे सदर वाचत. शाळांच्या जाहिराती वाचून वाचून मुंबईतल्या वाड्या आणि रस्ते त्यांना न बघताच पाठ झाले होते. मी फायनल पास झालो तेव्हा त्यांनी ओटीवरच्या सारवणावर खडूनं अख्खी मुंबई काढली आणि रोज संध्याकाळी मला तिच्यावरून चालवलं. "हितं ट्राम. बाजूला हो. हितं समुद्र. बघ, पण थांबू नको." काकूला तेवढे दिवस सारवता आलं नाही.

अप्पांना हे मुळीच पटलेलं नव्हतं. त्यांनी माझ्यासाठी लाकडाच्या डेपोत सांगून ठेवलं होतं. तोडलेल्या ओंडक्यांवर नंबर घालायचं काम. त्यात वाईट काही नव्हतं, पण मला शिकवायचं होतं. मास्तर आणि अप्पा यांच्यात शेवटी तह झाला. शिमग्याच्या आत मुंबईत नोकरी लागली तर लागली, नाहीतर शिमग्याच्या दुसऱ्या दिवसापासून डेपो. "आणि परत कवा बी मास्तरकीचं नाव काडायचं न्हाई," अप्पा म्हणाले. मी मान हलवली. मास्तरांनी माझ्यापेक्षा जोरात हलवली.

बैलगाडीनं लोंढ्याला, तिथून आगगाडी. मुंबईला उतरल्यावर कळलं, की मास्तरांनी नकाशा भिंतीकडे तोंड करून काढला होता आणि मी त्याच्यावरून उलट बाजूनं चाललो होतो. त्यामुळे मला सगळी मुंबई पाठ होती, पण उलटी. समुद्र भलत्याच बाजूला निघाला. मास्तर म्हणाले, "समुद्र चुकला, रस्ता बरोबर हाय," आणि दोन तास आम्ही त्या बरोबर रस्त्यानं चाललो. त्यांच्या एका चुलतभावाची गिरणगावात खोली होती तिथं पथारी पसरली. सगळ्यात मोठं आश्चर्य मास्तरांना वाटलं ते नळाचं. नळ सोडून तांब्याभर पाणी प्यायले, पुन्हा सोडला, पुन्हा प्यायले. "काय पाणी हाय! नदीला जायाला नको, काय नको."

शाळा गिरगावात होती. व्हरांड्यात बाकावर उमेदवार बसलेले, सगळे माझ्याहून गोरे आणि इस्त्रीचे. मास्तर नवा कोट घालून माझ्या शेजारी. हेडमास्तरांच्या खोलीतून शिपाई बाहेर आला आणि त्यानं माझं नाव घेतलं. स्पष्ट, मोठ्यानं, एकदा.

मी ऐकलं. तुम्ही म्हणाल, मग उठला का नाहीस? तेच मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. लहानपणापासून ज्या हाकेला ओ द्यायची नाही म्हणून शिकवलं, तिला मोक्याच्या क्षणी पाय उठतच नाहीत. अनोळखी जागा, अनोळखी आवाज, आणि कोणीतरी एकदाच आपलं नाव घेतं. माझं उरलंसुरलं धाडस मास्तरांनी संपवलं. त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि पुटपुटले, "सुम्म, गप बस. अजून दोनदा मारू दे."

शिपायानं इकडं तिकडं बघितलं आणि दुसरं नाव घेतलं. तो उमेदवार ताडकन उठून आत गेला. मग तिसरा. मग चौथा. आम्ही दोघं शहाण्यासारखे बसून राहिलो. शेवटी बाक रिकामा झाला तेव्हा मी शिपायाला विचारलं, माझी पाळी कधी? तो म्हणाला, "तुमची झाली की. नाव घेतलं होतं, गैरहजर मांडलंय."

मास्तरांचा चेहरा मी त्याआधी कधी तसा बघितला नव्हता. चुना फासल्यासारखा झाला. "माझ्यापायी गेली रे तुझी नोकरी," ते म्हणाले. "इतकं केलं आणि मीच तुला धरून बसवलं." ते बाकाची कड घट्ट धरून बसले. मला लाकडाचे ओंडके दिसायला लागले, एकावर एक रचलेले, नंबर घातलेले. मला रडू येत होतं आणि त्यांच्यासमोर रडायचं नव्हतं.

तेवढ्यात शेजारच्या वर्गात दंगा सुरू झाला. बाकं आपटणं, ओरडणं, कुणीतरी कोंबड्यासारखं आरवणं. त्या वर्गाचे मास्तर आजारी होते आणि मुलांना मोकळं रान मिळालं होतं. आमच्या मास्तरांनी थोडा वेळ ऐकलं. त्यांना मास्तर नसलेल्या वर्गाचा आवाज कधीच सहन व्हायचा नाही. खिशातून खडू काढला, कानावर ठेवला, आणि सरळ आत गेले. मी दारापर्यंत मागं गेलो.

"खाली बसा. हात मांडीखाली," ते म्हणाले. त्या तांबड्या रुमालाकडे बघून पोरं इतकी चकित झाली की खरंच बसली. "मला एक सांगा. तुमच्या नळाला पाणी येतंय कुठनं? अजून बोलू नका. मी तीनदा इचारणार. पहिल्यांदा कान, मग डोकं, मग तोंड."

हा प्रश्न त्यांनी शिकवण्यासाठी विचारला नव्हता. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं होतं. मुलांच्या ते ताबडतोब लक्षात आलं. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा मागच्या बाकावरची पोरंही पुढं वाकली. तिसऱ्यांदा विचारल्यावर एकजण म्हणाला, तलावातून. तलावात कुठून? पुन्हा तीनदा. पावसातून. पाऊस कुठून? समुद्रावरून. "आणि तोच पाऊस आमच्या रानात आला की काय करतोय?" मास्तरांनी विचारलं. कुणाला येईना. मग त्यांनी स्वतःच सांगितलं. डोंगर, अणशीचं रान, तिथं ढग कसा अडकतो, काळी नदी कशी फुगते, भात कसं चिखलात उभं राहतं. मुंबईच्या त्या पोरांनी तोंड उघडं टाकून ऐकलं.

माझ्या मागं कोणीतरी उभं होतं. हेडमास्तर. ते किती वेळ उभे होते कोण जाणे. तास संपल्यावर ते आत गेले आणि म्हणाले, "आपण कोण?"

"सुप्याचा मास्तर," मास्तर म्हणाले. मग आमचं काय चुकलं ते त्यांनी जसं घडलं तसं सांगितलं, देवचारासकट. हेडमास्तर हसले नाहीत. म्हणाले, "आज आलेल्यांपैकी मला कोणीच पसंत पडलं नाही. जागा एक आहे. ती मी तुम्हाला देतो. सोमवारपासून या."

मी मास्तरांकडे बघत होतो. त्यांचा चेहरा असा काही फुलला, की मला लग्नातल्या नवऱ्याची आठवण झाली. हात आपोआप कोटाच्या आतल्या खिशाकडे गेला, जणू ती नोकरी तिथं ठेवायची होती. मग त्यांची नजर माझ्यावर आली. तो हात त्यांनी खाली घेतला.

"हितलं पाणी मला मानवत न्हाई, सायेब," ते म्हणाले.

कालपासून तांब्यावर तांबे रिचवणारा माणूस!

"आणि हे माझं पोरगं," ते पुढं म्हणाले. "मला येतंय ते सगळं ह्याला येतंय. वर शुद्ध बोलतंय. ह्याचा एक तास बघा. न्हाई पटलं तर दोघं बी परत जातो."

त्याच वर्गावर मला उभं केलं. मास्तर दाराबाहेर, हेडमास्तर मागच्या बाकावर. पहिला प्रश्न मी कसाबसा विचारला, दुसऱ्यांदा विचारला, आणि घाबरून उत्तर स्वतःच सांगायला निघालो. तेव्हा पुढच्या बाकावरचा एक मुलगा हात मांडीखाली तसेच ठेवून म्हणाला, "गुरुजी, अजून एकदा विचारायचं राहिलंय." सगळा वर्ग हसला, मी हसलो, आणि मागच्या बाकावरचं गंभीर तोंडही थोडं हललं. त्यानंतर तास कसा गेला ते मला कळलं नाही. त्या दिवशी मी मुलांना शिकवलं असं म्हणवत नाही. मुलांनी मला तारलं. हेडमास्तर एवढंच म्हणाले, "सोमवारी वेळेवर या."

मास्तरांना गाडीत बसवून द्यायला गेलो. मी त्यांच्या पाया पडलो आणि न राहवून म्हणालो, "मास्तर, पाण्याचं तुम्ही खोटं बोललात."

"खोटं कशाला? पोटात गुरगुरतंय की सकाळधरनं," ते म्हणाले. "तू आपला सोमवारचा पाठ काढ जा. अप्पांना मी सांगतो." आणि खिडकीतून तोंड आत घेतलं. मी ते खरं मानलं. खरं मानणं मला सोयीचं होतं, हे आता कबूल करायला हरकत नाही.

पावसाळ्यात एके दिवशी वर्गातच त्यांचं कार्ड माझ्या हाती आलं. अक्षर वळणदार, भाषा बोलण्यापेक्षा वेगळी, पुस्तकी. काकूची तब्येत ठीक. अप्पा आता बाजारात ज्याला त्याला 'माझा मुलगा मुंबईत मास्तर आहे' म्हणून सांगतात. नवीन पोरं बरी आहेत. नदीला पूर आला, ओसरला. सगळ्यात खाली, जागा संपत आल्यामुळे अगदी बारीक अक्षरात दोन ओळी होत्या.

'तिकडे एखादी जागा रिकामी झाल्यास अवश्य कळविणे. पाण्याचे मी पाहून घेईन.'

वर्ग समोर बसला होता. ती नोकरी त्यांना स्वतःला किती हवी होती ते मला एकदम कळलं आणि स्वतःची इतकी लाज वाटली की डोळे भरून आले. मी मुलांना गप्प बसायला सांगितलं आणि ते कार्ड घेऊन हेडमास्तरांच्या खोलीकडे धावत गेलो.